वाशीमची नाझरीन मंडळी

वाशीम म्हटले, की जाणत्या वाचकास वाकाटकांची वत्सगुल्म नगरी, बालाजीचे मंदिर आणि पद्मतीर्थ यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच गावात गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून एक लहानशी ख्रिस्ती मंडळी नांदत आली असून, अंतःकरणाच्या पवित्रतेविषयीचे आपले मत तिने उपासनामंदिराच्या चार भिंतींत न ठेवता रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे नेले, याची हकीकत आपल्या प्रांतिक इतिहासात फारशी कोणी नोंदवलेली नाही.

नाझरीन मंडळी ही प्रोटेस्टंट पंथाची. जॉन वेस्ली याच्या मेथडिस्ट परंपरेतून निघालेले अमेरिकेतील निरनिराळे पवित्रतावादी समाज 1908 साली टेक्सासमधील पायलट पॉइंट येथे एकत्र आले आणि ती साकार झाली. त्यांपैकी एका समाजाने धाडलेले लेटन ट्रेसी हे त्यापूर्वीच, 1904 साली, वऱ्हाडात येऊन बुलढाण्यास राहिले होते. वाशीम, म्हणजे त्या काळच्या सरकारदप्तरीचे बासिम, येथे तेव्हा मेथडिस्ट मिशनचा कारभार होता. पुढे ते मिशन येथून निघाले, तेव्हा त्याची येथील मालमत्ता नाझरीन मंडळीच्या हवाली झाली.

या मंडळीची शिकवण अशी, की पापक्षमा मिळाली म्हणजे सर्व झाले असे नव्हे. त्यानंतर मनुष्याने स्वतःस सर्वस्वी देवाच्या स्वाधीन केले पाहिजे, आणि त्या समर्पणातून येणारे पवित्रीकरण त्याच्या नित्याच्या वागणुकीत दिसले पाहिजे. म्हणून सभासदाने दारू व तंबाखू वर्ज्य करावी, मिळकतीचा दशमांश द्यावा, आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केले याची साक्ष मंडळीसमोर उभे राहून सांगावी, असा दंडक पडला. साक्षीच्या वेळी अक्षरशत्रू मजुरालाही शिकलेल्या पाळकाइतकाच अधिकार असतो, ही गोष्ट मला या पंथाच्या सर्व सिद्धान्तांहून मोठी वाटते. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यासही या पंथाने आरंभापासून मोकळीक ठेवली आहे.

खेड्यापाड्यांतील मराठी मंडळ्यांत कापणीचा सण होतो, तो जवळून पाहण्याजोगा असतो. कोणी ज्वारी, कोणी तूर, कोणी परसातला भोपळा, कोणी अंडी आणून वेदीपाशी ठेवतो. उपासना आटोपली, की त्या जिनसांचा लिलाव पुकारला जातो, आणि ज्याने भोपळा चढ्या बोलीने घेतला तोच तो पुन्हा अर्पण करून दुसऱ्यांदा लिलावास लावतो. ज्याच्या हाती रोकड नाही त्याचेही दान अशा रीतीने सर्वांच्या देखत स्वीकारले जाते, आणि कोणी रित्या हाताने आल्याची लाज बाळगत नाही.

या सर्व आचारधर्माचे ठळक मूर्त रूप म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. 1936 साली ऑर्फा स्पायकर ही तरुण अमेरिकन डॉक्टर भारतात आली, आणि मेथडिस्टांच्या मुलींच्या शाळेची जी जुनी इमारत मंडळीच्या ताब्यात आली होती, तिच्यातच तिने 1938 साली इस्पितळ सुरू केले. शाळेच्या खोल्यांचे वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृह करायचे, म्हणजे कोठे भिंत पाडायची, कोठे खिडकी काढायची, याचा विचारही तिलाच करावा लागला, आणि पुढील बांधकामांवर देखरेखही तिनेच केली. सुमारे चार दशके ती येथे राहिली. परदेशी बाईने केलेल्या उपकाराची कथा म्हणून हे सांगण्यात मला स्वारस्य नाही. या इस्पितळाच्या आश्रयाने परिचारिकांचे शिक्षण उभे राहिले, ही त्यातील खरी महत्त्वाची गोष्ट. परक्याचे रक्त, पू आणि मलमूत्र यांना हात लावणे ज्या समाजात विटाळाचे मानले जाई, आणि त्यामुळे भल्या घरच्या मुलीस जे काम कोणी करू देत नसे, ते काम ख्रिस्ती मुलींनी प्रार्थनेने आरंभून, पद्धतशीर शिकून, व्यवसाय म्हणून पत्करले. ज्या काळी बाळंतिणीची मदार गावातल्या सुइणीवर आणि नशिबावर असे, त्या काळी या मुलींच्या स्वच्छ हातांचे मोल काय होते, हे आज एकदम ध्यानात येणार नाही.

मिशनवर आक्षेप पुष्कळ घेतले गेले, आणि परकीय पैशावर चाललेल्या कार्याकडे समाजाने डोळसपणे पाहावे हे मलाही मान्य आहे. परंतु नर्सच्या हातून औषध घेणाऱ्या रुग्णाची जात तिने विचारली नाही, आणि ही वागणूक तिने मंडळीच्या बाकावर बसून शिकली होती, हेही त्याच डोळसपणाने नोंदवले पाहिजे.

वाशीम जिल्ह्यात ज्यांच्या घरी या मंडळीची जुनी हजेरीपुस्तके, बाप्तिस्म्याचे दाखले, इस्पितळातील छायाचित्रे किंवा आजीने लिहिलेली पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता जिल्ह्याच्या इतिहास-अभ्यासकांच्या हाती द्यावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.