फोनवर बोलून दारू सुटते का?

"आता सुटली नं त्याची दारू, मंग फोन कायले कराचा?" माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला, की केंद्राच्या पाठपुराव्याच्या फोनबद्दल अमरावती-अकोल्याकडच्या घरांत असा प्रश्न निघतोच. केंद्रात सुटते ती शरीराची दारू. हात थरथरणं, घाम, उडालेली झोप हे त्रास औषधांनी बहुधा आठवडाभरात आटोक्यात येतात. जुने सोबती, घरातली भांडणं आणि भट्टीवरून जाणारी वाट मात्र गावात तशीच असते. पुन्हा पिण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, आणि नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त झालेले असतात.

दुसरा समज असा, की फोन म्हणजे नुसती विचारपूस. तशी विचारपूस सासरेबुवाही करतात. तिचा उपयोग बेताचाच. कामाचा फोन ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ओळखीच्या समुपदेशकाकडून येतो आणि पंधरा-वीस मिनिटं चालतो. या आठवड्यात प्यावंसं कधी वाटलं? सोबत कोण होतं? मग काय केलंत? गोळ्या चालू आहेत ना? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पुढच्या आठवड्यात काय येऊ घातलंय? वऱ्हाडात याची उत्तरं ठरलेली आहेत: पोळ्याची कर, धुळवड, लग्नसराई, कापसाचा चुकारा, वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बगीच्याचा सौदा. चुकारा परवा मिळणार असेल, तर तो घ्यायला सोबत कोण जाणार आणि पैसे कोणाच्या खात्यात पडणार, हे आजच ठरवता येतं. तल्लफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तो अर्धा तास कसा काढायचा, याची तालीमही फोनवरच होते.

फोनवरचा पाठपुरावा हे करोनानंतरचं खूळ आहे, असंही काहींना वाटतं. पण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची सुरुवातच फोनने झाली. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी, हॉटेलात उभ्या असलेल्या बिल विल्सनला बारकडे जावंसं वाटू लागलं. तिकडे न जाता त्याने फोन फिरवायला घेतले आणि त्यातूनच त्याची डॉक्टर बॉबशी, म्हणजे संघटनेच्या दुसऱ्या संस्थापकाशी, गाठ पडली.

पुरावाही आहे. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या जेम्स मॅके यांनी दारू किंवा कोकेनच्या ३५९ रुग्णांचा सुरुवातीच्या उपचारानंतर दोन वर्षं मागोवा घेतला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बहुतेकांना आठवड्याच्या फोनचा फायदा नेहमीच्या गटबैठकांपेक्षा जास्त झाला. मात्र ज्यांची गाडी पहिल्या उपचारातच रुळावर आली नव्हती, त्यांना आठवड्यातून दोनदा समोरासमोर बसणंच अधिक मानवलं. म्हणजे फोन सरसकट सगळ्यांना पुरेल, असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये. पण धारणीहून अमरावतीला यायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते. तिथे फोन नाही, तर पाठपुरावाच नाही.

"असं बोलायले डॉक्टरच लागते." नाही लागत. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण २६ टक्के होतं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते हाताशी धरले. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. दोन्ही कामं मुख्यतः प्रत्यक्ष भेटीची होती, फोनची नव्हेत. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण बसू शकतं, हे त्यांतून कळतं.

१४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेली-मानस आहे, मग वेगळा फोन कशाला? हेल्पलाइनला आपण फोन करायचा असतो, आणि पिण्याच्या काठावर उभा असलेला माणूस लाजेपोटी तोच करत नाही. म्हणून पाठपुराव्याचा फोन केंद्राकडून यायला हवा. सुट्टी घेतानाच विचारा: पहिला फोन कोण करणार, कोणत्या वारी?

एकदा प्यायला म्हणजे सगळं मुसळ केरात, हा समज सर्वांत घातक. एका घोटानंतर घरच्यांनी आशा सोडली, की तो अपराधीपणाने दुसरी बाटली उघडतो. त्याच दिवशी फोन झाला, तर घसरण तिथेच थांबू शकते. मात्र तो पुन्हा रोज पिऊ लागला असेल आणि दारू अचानक तुटल्यावर झटके आले, भास होऊ लागले, तर फोनवर वेळ घालवू नये. थेट अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठावं.

आणि एक बारीक गोष्ट. सिम बदलतं, रिचार्ज संपतो, मोबाइल पोराच्या हातात असतो. केंद्रात नंबर देताना त्याला विचारून बायकोचा किंवा भावाचा दुसरा नंबरही लिहून ठेवावा, आणि त्या नंबरवर काय सांगायचं, काय नाही, हेही त्याच्याकडूनच ठरवून घ्यावं.