टार्गेटच्याही खाली

शीवच्या किल्ल्याखालच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांचे विषय काळाप्रमाणे बदलत गेले. एके काळी शेअरचे भाव असत, मग मुलांचे व्हिसा आले, मग गुडघे. आता कॅलरी आल्या आहेत. ज्यांनी आयुष्यात कधी वाण्याची वही तपासली नाही, अशी माणसे रात्रीच्या भाकरीचा हिशेब मोबाइलमध्ये मांडून येतात आणि दुसऱ्या फेरीला जाहीर करतात, "बाराशेचं टार्गेट होतं, मी नऊशेत भागवलं!" ऐकणारे वा वा म्हणतात.

टार्गेट या शब्दाशी माझा अर्ध्या आयुष्याचा परिचय आहे. बँकेत ठेवींचे टार्गेट गाठायचे असते, जमल्यास ओलांडायचे. खर्चाचे मात्र उलटे. मंजूर रकमेपेक्षा कमी खर्च झाला की वरून शाबासकी! एका शाखेत आमच्या साहेबांनी लागोपाठ तीन वर्षे इमारत दुरुस्तीचे पैसे वाचवून दाखवले होते. चौथ्या पावसाळ्यात आम्ही सारे कर्मचारी रेकॉर्ड रूममधली ओली लेजरं पंख्याखाली वाळत घालत होतो. साहेबांची तोवर बढतीवर बदली झाली होती, हे सांगायला नकोच.

बाराशेच्या जागी नऊशे खाणाऱ्याचे असेच होते. मुळात बाराशे हा आकडा येतो कुठून? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांप्रमाणे बैठे काम करणाऱ्या, पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात आणि पासष्ट किलोच्या पुरुषाला २११०. वजन उतरवायचे म्हणून त्यातून चारपाचशे वजा करायच्या. म्हणजे जी काटकसर करायची ती टार्गेटमध्ये आधीच धरलेली असते. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज पाचशेची तूट ठेवली तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतो. स्त्रियांनी बाराशेच्या आणि पुरुषांनी पंधराशेच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. तेव्हा बाराशे ही ओलांडून दाखवायची शर्यतीची रेघ नव्हे. ती शीव आहे, गावाची असते तशी.

खाली गेल्यावर शरीर पैसे कुठून काढते? सगळे चरबीतूनच काढत नाही. स्नायूही मोडते, आणि साठीनंतर मोडलेला स्नायू परत जमवणे म्हणजे बुडीत कर्जाची वसुली! त्यात आपले जेवण वरणभाताचे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिने हवीत आणि वाटीभर वरणात मिळतात पाचसात ग्रॅम. नऊशे कॅलरीत ती बसवायला मोठा कसबी कारकून हवा. शिवाय वजन फार झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

उपाशी शरीर स्वतःचा खर्चही आवरते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुणांवर केलेला प्रयोग याची साक्ष देतो. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावले. आकडा वाचून बागेतली मंडळी हसतील. ते तर याहून कमी खातात. त्या तरुणांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले, पण विश्रांतीच्या वेळचा ऊर्जेचा खर्चही कितीतरी खाली आला. त्यांना उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, उदास वाटू लागले, आणि काहीजण पाककृतींची पुस्तके तासन् तास वाचत बसू लागले.

आता आणखी एक शक्यता. नऊशे नोंदवणारा खरोखर नऊशेच खातो का? न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी १९९२ साली, 'आम्ही कमी खातो तरी वजन हटत नाही' म्हणणाऱ्या लठ्ठ माणसांची बारकाईने तपासणी केली. प्रत्यक्ष खाण्यापेक्षा नोंद सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाली. ही लबाडी नव्हे. फोडणीचे तेल, चहातली साखर, नातवाच्या ताटातले उरलेले वहीत चढतच नाही. ज्यांचे वजन महिनोन् महिने ढिम्म आहे त्यांनी आणखी कमी खाण्याआधी ताळेबंद जुळवून पाहावा.

माझ्या पिढीला कॅलरी हा शब्द भेटला तो मात्र वजनासाठी नव्हे, भुकेसाठी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्य मोजताना माणशी २२५० कॅलरींचा आधार घेतला. पुढे याच कॅलरींवरून दांडेकरांचा वाद झाला तो सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्याशी. अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळून आलेले सुखात्मे म्हणत, एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते, ती खालीवर होते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. टीकाकारांचे म्हणणे, जुळवून घेण्याचीही किंमत असते : माणूस कमी काम करतो, खुरटतो.

दोघांकडूनही आपल्याला घेण्यासारखे आहे. सुखात्म्यांकडून हे, की एखाद्या दिवशी दोनशे कमी गेल्या, दुसऱ्या दिवशी श्रीखंडाने तीनशे जास्त, तर आकाश कोसळत नाही. आठवड्याची सरासरी पाहावी. टीकाकारांकडून हे, की शरीर निभावून नेते म्हणजे त्याचे भागते असे नव्हे.

कॅलरीचा उलटा हिशेब शीवमध्येच चालतो. लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वजन काही ग्रॅमने वाढले की सगळ्यांना आनंद होतो.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांना मधुमेह आहे. त्यांनी जेवण निम्म्यावर आणले, गोळ्या मात्र होत्या तेवढ्याच घेत राहिले. एके दिवशी जिन्यात घाम फुटून खाली बसले. वहिनींनी तोंडात साखर घातली म्हणून निभावले. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावेच लागते. ते त्यांनी नंतर केले. एका गोळीचा डोस निम्मा झाला आणि रोजच्या कॅलरी पंधराशेवर आल्या. संध्याकाळी मुगाची उसळ आली, शिवाय उकडलेले अंडे. वजन हळू उतरते आहे, मोबाइल शाबासकी देत नाही. अंडे खाल्लेले आईला कळू देऊ नका, एवढीच त्यांची विनंती आहे. त्यांचे वय एकोणसत्तर.