तक्रारदार नसलेला गुन्हा

वैद्यकातल्या नीतीप्रश्नांचा आढावा म्हटला की हल्ली लेख थेट जनुकांच्या काटछाटीपासून आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सुरू होतात. ते विषय मोठेच आहेत. पण नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यात बसून गेल्या चाळीस वर्षांकडे पाहताना मला पहिला मान सोनोग्राफी यंत्राला द्यावा लागतो. आपल्या भागातल्या घराघरांत या यंत्राने जेवढी उलथापालथ केली, तेवढी दुसऱ्या कुठल्याही यंत्राने केलेली नाही.

पूर्वपीठिका वाचकांना ठाऊक आहे. गर्भजल परीक्षा व्यंग ओळखायला आली आणि मुलगी ओळखायला वापरली गेली. १९७८मध्ये सरकारी रुग्णालयांत तिला बंदी झाली. खासगी दवाखान्यांना रान मोकळंच राहिलं. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत होते. त्याच सुमारास मुंबईत स्त्री संघटना, लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते आणि काही डॉक्टर एकत्र आले. त्यांच्या रेट्यामुळे १९८८मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा, त्याचा अंमल १ जानेवारी १९९६पासून. पुढची काही वर्षं घोषणांत गेली आणि तेवढ्यात लिंग दाखवणारी सोनोग्राफी यंत्रं तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. २०००मध्ये सेहत आणि मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारांना जागं केलं, आणि २००३च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली.

आता ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर भांडलो तिच्याकडे येतो: एफ फॉर्म. इतर गुन्ह्यांत कुणीतरी फिर्याद घेऊन येतं. इथे नवरा, सासू, एजंट, डॉक्टर सगळे एका बाजूला, आणि दबावाखालची बाई गप्प. फिर्यादीच नाही, मग बोलणार कोण? बोलतो तो कागद. गर्भवतीची सोनोग्राफी केली की हा फॉर्म भरावा लागतो. तिला आधीची मुलं किती, त्यांत मुली किती, कुणी पाठवलं, तपासणीचं कारण काय, गर्भ किती आठवड्यांचा, सगळं त्यात असतं. लिंग सांगितलेलं नाही, असं डॉक्टर सहीनिशी लिहून देतो.

सुटा फॉर्म मुका असतो. शंभर फॉर्म गावनिहाय लावले की ते बोलू लागतात. दोन मुलींच्या आया एकाच केंद्राकडे का जातात? नामपूर किंवा ताहाराबादची बाई जवळचं केंद्र सोडून लांब का गेली? फॉर्मवर दिसलेलं गरोदरपण आशाताईच्या वहीत पुढे बाळंतपणापर्यंत पोचलं का? अशा नोंदी चाळताना पानामागून पान एकाच हस्ताक्षरात, एकच कारण लिहिलेलं आणि फोन नंबराचा रकाना कोरा, असं मी पाहिलं आहे. स्टिंग ऑपरेशनची बातमी होते, नोंदी वाचण्याची होत नाही. पण पुरावा उभा राहतो तो नोंदींतूनच.

कोऱ्या रकान्यासाठी डॉक्टरला गुन्हेगार ठरवता का, असं काही मंडळी वर्षानुवर्षं विचारत आली. चूक निर्दोष होती हे सिद्ध करायची मुभा कायद्यातच आहे. नोंदी न ठेवणं ही निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलं. तरी तोच युक्तिवाद अजून परिषदांतून ऐकू येतो. दुसरा पक्ष म्हणतो, लिंगनिदान खुलं करा आणि मुलीच्या गर्भावर पाळत ठेवा. म्हणजे डॉक्टर सुटला आणि पहारा बाईवर बसला. मुली वाचवायच्या म्हणून सरसकट गर्भपाताला विरोध करणारेही मला मान्य नाहीत. १९७१च्या कायद्याने बाईला दिलेली सुरक्षित गर्भपाताची सोय टिकलीच पाहिजे. आक्षेप लिंगनिवडीला आहे.

आकडे मन खचवणारे आहेत. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ला ९४६, २००१ला ९१३ आणि २०११ला ८९४. बीड ८०७वर आलं. हे अडाणीपणामुळे घडलं म्हणणाऱ्यांनी गडचिरोली आणि नंदुरबारकडे पाहावं. हे आदिवासी जिल्हे राज्याच्या सरासरीच्या वर राहिले. मुली घटल्या त्या पैसा, जमीन आणि यंत्र एकत्र आले तिथे. आज आमच्या बागायती गावांत द्राक्ष-डाळिंबाची बाग असलेले तिशी ओलांडलेले मुलगे स्थळ शोधत फिरतात. मुली कमी झाल्या की त्यांचा मान वाढेल, असं सांगणारे विद्वान तेव्हा भेटत. मान वाढला नाही. दलाल वाढले, आणि गरीब घरच्या मुली परमुलखातून पैसे मोजून आणल्या जाऊ लागल्या.

कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणी टिपून ठेवणारे सायलेंट ऑब्झर्व्हर जोडले गेले आणि २०११मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. तो उत्साह ओसरला. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला २०१७मध्ये १९ भ्रूण सापडले, तेव्हा चार दिवस हळहळ झाली. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या समित्यांच्या बैठका आता चहापुरत्या उरल्या आहेत, आणि २०२१ची जनगणनाही झाली नाही.

दरम्यान विज्ञान पुढे गेलं. गर्भाचा डीएनए आईच्या रक्तात मिसळलेला असतो हे शास्त्रज्ञ डेनिस लो यांनी १९९७मध्ये दाखवलं. आज दहाव्या आठवड्यात नळीभर रक्तावरून व्यंगाबरोबर लिंगही कळू शकतं. त्या नळीला कुठला सायलेंट ऑब्झर्व्हर लावणार? कायदा या चाचणीलाही लागू आहे, पण तिथेही साक्षीदार एकच: नोंद. म्हणून माझं मागणं जुनंच आहे. तालुक्याच्या समितीने दर महिन्याला फॉर्म उघडून वाचावेत, प्रयोगशाळांच्या नोंदी त्यांना जोडाव्यात, आणि मुला-मुलींच्या जन्माचे गावनिहाय आकडे दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत. याला नवा कायदा लागत नाही, नवा निधीही लागत नाही. लागते ती वाचायची तयारी, आणि ती आमच्या बागलाण तालुक्यातून सुरू व्हावी असा माझा आग्रह आहे.