ओठ आधी, शब्द मागून : जुन्या फितींच्या तबकड्या करताना

मॉरिशसमधील अनेक मराठी घरांत कपाटाच्या तळाशी व्हीएचएस कॅसेटींचा एखादा गठ्ठा जपून ठेवलेला आढळतो. कोणाचा विवाह, कोणाच्या घरचा गणपती, कोठे अंगणात रंगलेली झाकरी. त्या चित्रांत वावरणारी वडीलधारी मंडळी आज बहुधा हयात नाहीत. आणि ज्या घरात नित्याचे बोलणे क्रिओलमध्ये चालते, तेथे आजोबांच्या मुखातील मराठी ऐकावयाची, तर ती आता त्या फितीवरच. व्हीएचएस यंत्रे बनविणे २०१६ साली जवळजवळ संपुष्टात आले. यास्तव या फिती संगणकात उतरवून त्यांच्या डीव्हीडी तबकड्या करण्याची खटपट अनेकांनी केली व अजूनही करतात. तबकडी तयार होते, सारे कुटुंब जमते, आणि पाहावे तो आजोबांचे ओठ मिटल्यावर त्यांचे शब्द ऐकू येतात!

या दोषाचा उगम बहुधा तबकडीत नसतो. तो फीत संगणकात उतरविली जात असतानाच घडलेला असतो. आपल्याकडील चित्रपद्धतीत दर सेकंदास २५ चौकटी, म्हणजे तासाला ९०,००० चौकटी येतात. फीत झिजलेली असली, की तिचा संकेत मधूनच डळमळतो व संगणक काही चौकटी गाळतो. ध्वनी मात्र अखंड चालू राहतो. एका तासात ५० चौकटी गळाल्या, तर शेवटी आवाज दोन सेकंद मागे पडतो.

परीक्षा अगदी सोपी आहे. आरंभ, मध्य व शेवट अशा तीन ठिकाणी बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहावे. अंतर सर्वत्र सारखे असेल, तर सगळा ध्वनी तेवढाच पुढे सरकविला म्हणजे काम झाले. अंतर संथपणे वाढत जात असेल, तर ध्वनी व चित्र यांची घड्याळे जुळत नाहीत असे समजावे. तेव्हा ध्वनीची एकूण लांबी चित्राच्या लांबीइतकी करून घ्यावी. पण अंतर अचानक टप्प्याटप्प्याने वाढत असेल, तर चौकटी गळाल्या आहेत हे निश्चित. अशा वेळी रात्र रात्र जागून तुकडे जोडीत बसण्यापेक्षा फीत पुन्हा उतरविणेच शहाणपणाचे. त्यापूर्वी फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी, व्हीसीआरचे हेड स्वच्छ करावे, संगणकावरील इतर कामे बंद ठेवावीत. व्हीसीआर व संगणक यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण जोडता आले, तर डळमळणारा संकेत पुष्कळसा सावरतो.

रंग नाहीसे होण्याची तक्रारही येथे नवी नाही. मॉरिशसच्या दूरचित्रवाणीने सेकाम ही फ्रेंच पद्धत स्वीकारली होती. भारतात पाल पद्धत होती. दोहोंत रेषा ६२५ व चौकटी २५ असल्यामुळे सेकाम फीत केवळ पाल जाणणाऱ्या यंत्रात लावली तरी चित्र उमटते, मात्र ते कृष्णधवल. फीत बिघडली असे समजून ती टाकून देण्याचे कारण नाही. दोन्ही पद्धती जाणणारे यंत्र मिळवावे.

झाकरीच्या चित्रणात आणखी एक विकृती दिसते. नाचणाऱ्यांचे पाय पुढेमागे थरथरतात. प्रत्येक चौकट दोन अर्धचित्रांची बनलेली असते, एक सम रेषांचे व एक विषम रेषांचे. त्यांचा क्रम उलटला, की हालचाल मागे जाऊन पुढे येते. संपादनाच्या कार्यक्रमात तो क्रम बदलून तबकडी पुन्हा करावी. मूळ उतरविलेल्या फायलीला हात लावावा लागत नाही.

तबकडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात, पण संगणक तीच जागा ४.३७ अशी दाखवितो. दुकानदाराने फसविले असे मानू नये, मोजण्याची रीत निराळी आहे. या जागेत दोन तासांचे चित्रण बरे बसते. विवाहाचे चार तास एकाच तबकडीत कोंबले, की हळदीच्या गर्दीतील चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होतात. ध्वनी ४८,००० हर्ट्‌झचा ठेवावा. मुद्रण सावकाश करावे, आणि शेवटी 'फायनलाइझ' केल्याशिवाय तबकडी यंत्रातून काढू नये. ती संगणकावर चालेलही, परंतु दिवाणखान्यातील प्लेअर तिला ओळखणार नाही. वर कागदी चिठ्ठी चिकटविण्याचा मोह टाळावा. तिने तबकडीचा तोल जातो.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी होय. दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. ती जाणत्याकडून साफ करून घ्यावी. चांगली कॅसेट घालण्यापूर्वीही तिच्या कडेचा लहानसा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकावा, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी जुन्यावर नवे मुद्रित होणार नाही. आणि तबकडी झाली म्हणून कॅसेट फेकू नये.