मैंदर्गीवरचे वारे

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे, कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत नांदणारे गाव साडेसतरा उत्तर अक्षांशाच्या जवळ वसलेले आहे, आणि वाऱ्यांच्या अभ्यासकाला हे स्थान मोलाचे वाटावे, कारण पृथ्वीवरील वाऱ्यांच्या दोन मोठ्या व्यवस्था वर्षभरात या गावावरून आळीपाळीने जातात. हिवाळ्यात येथे पूर्व-ईशान्येचा कोरडा वारा वाहतो, तर जूनपासून पश्चिमेचा वारा सुरू होतो. मात्र गावाला सर्वांत जास्त पाऊस मिळतो तो हा पश्चिमेचा वारा ओसरू लागल्यावर, सप्टेंबरात.

जास्त दाबाच्या भागाकडून कमी दाबाच्या भागाकडे चाललेली हवा म्हणजे वारा, आणि दाबातील हा फरक मुख्यतः सूर्याच्या असमान उष्णतेतून निर्माण होतो. विषुववृत्तानजीक तापलेली, बाष्पाने भरलेली हवा हलकी होऊन वर चढते, उंचावरून दोन्ही ध्रुवांच्या दिशेने पसरते, तीस अंशांच्या आसपास खाली उतरते आणि जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे परतते. या परतणाऱ्या प्रवाहांना व्यापारी वारे म्हणतात. तीस अंशांपलीकडे पश्चिमी वारे आणि त्याहून वर ध्रुवीय वारे असतात, परंतु मैंदर्गीचा जमिनीलगतचा संबंध प्रामुख्याने पहिल्या चक्राशीच आहे.

हे परतणारे वारे सरळ उत्तर-दक्षिण न वाहता वळतात का, या प्रश्नाला एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये दिलेले उत्तर अपुरे ठरले. त्यांनी व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला, पण वळण्याचे कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे हे सांगितले जॉर्ज हॅडली यांनी, १७३५ मध्ये. विषुववृत्तावरील जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने फिरते, तर मैंदर्गीच्या अक्षांशावर हा वेग १६०० किलोमीटरांच्या आसपास उतरतो; त्यामुळे दक्षिणेकडून येणारी हवा आपला जास्तीचा वेग घेऊन जमिनीच्या पुढे, म्हणजे पूर्वेकडे, सरकते. उत्तर गोलार्धात वारा स्वतःच्या उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो, या नियमाला १८३५ मधील गणितावरून कोरिऑलिस यांचे नाव मिळाले.

हिवाळ्यात मैंदर्गीवर असणारा वारा हा या व्यापारी वाऱ्यांचाच भूभागावरून येणारा, म्हणून कोरडा, भाग होय. मळणीयंत्रे येण्यापूर्वी ज्वारीची रास याच कोरड्या दिवसांत उफणली जाई: वावडीवर उभा राहिलेला गडी सुपातून धान्य हळूहळू सोडी, दाणे जवळच सरळ पडत आणि भुसकट काही हात लांब जाऊन त्याचा वेगळा ढीग होई. पहाटे मात्र खळ्यावर थांबावेच लागे, कारण रात्री थंडावलेल्या जमिनीलगतची हवा जड होऊन निश्चल राहते आणि ऊन चढून ती वर-खाली ढवळली गेल्यावरच उंचावरच्या वाऱ्याचा वेग जमिनीपर्यंत पोहोचतो.

जूनपासून हे चित्र उलटते. दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन अरबी समुद्रावरून येतात. सोमालियाच्या किनाऱ्यालगत सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्यांचा जो वेगवान झोत तयार होतो, त्याला १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन करणाऱ्या फिंडलेटर यांचे नाव आहे. तापलेली जमीन समुद्रावरची हवा ओढून घेते, म्हणजे मोसमी वारे हे खाऱ्या वाऱ्यांचेच विराट रूप, असे पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. मूळच्या पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी या समजुतीला ठाम आक्षेप घेतला. जमीन सर्वाधिक तापते ती पाऊस येण्यापूर्वी, मे महिन्यात, आणि दुष्काळी वर्षांत ती चांगल्या पावसाच्या वर्षांहून अधिक तापलेली असते. मग केवळ तापण्याने पाऊस कसा येईल? गाडगीळ आणि डी. आर. सिक्का यांनी १९८० मध्ये उपग्रहचित्रांवरून दाखवले की विषुववृत्ताजवळचा वर चढणाऱ्या हवेचा आणि ढगांचा पट्टाच पावसाळ्यात सरकून भारतावर येतो. मैंदर्गीच्या अनुभवाशी हे मत अधिक जुळते, कारण येथे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर असतो, जमीन भाजून निघते, आणि तरीही मोसमी पावसासाठी साधारण महिनाभर वाट पाहावी लागते.

पट्टा आला तरी पाऊस पुरेसा मिळत नाही, याचे कारण अडीचशे किलोमीटरांहून दूर असलेल्या सह्याद्रीत आहे. घाट चढताना हवा थंडावते, बाष्पाचे पाणी होऊन कोकणात आणि माथ्यावर कोसळते; पलीकडे उतरणारी, ढगविरहित झालेली हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते आणि तिच्यातील उरलेसुरले बाष्प ढग बनण्यापासून दूर जाते. त्यातच पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा, तर सुमारे चौदा किलोमीटर उंचीवर त्याच्या उलट, पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत असतो. या झोताचा अभ्यास पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडला. उंचीनुसार वारा इतका बदलत असला की उंच वाढू पाहणारा ढग कलतो आणि विस्कटतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत ढगांत क्षारांचे कण सोडण्याचे प्रयोग सोलापूर परिसरात केले, ते हा भाग पर्जन्यछायेत मोडतो म्हणूनच.

सप्टेंबरात पश्चिमेचा जोर ओसरतो, दुपारच्या उन्हाने ढग उंच वाढू शकतात आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे दख्खनवर येऊ लागतात. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. त्यामुळे त्याच्या उत्तरेकडील भागात उपसागरावरचा दमट वारा पूर्वेकडून आत शिरतो आणि त्याच्या वाटेत सह्याद्री येत नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणातून सोलापूरच्या दिशेने आले, तेव्हा अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीला पूर येऊन काठावरची उभी पिके गेली. पावसाळा सरताना मैंदर्गीच्या शेतकऱ्याने अंदाज पाहायचा तो मुंबईइतकाच आंध्रच्या किनाऱ्याचाही, कारण तेथून निघालेले असे क्षेत्र एक-दोन दिवसांत त्याच्या शेतावर पोहोचू शकते.