मांडवीहून निघताना : पायाला धरणारं पेडल

सायकलच्या या पेडलचं नाव क्लिपलेस, पण बूट त्याला अडकतो. पूर्वी बूट चामडी पट्टा आणि पिंजऱ्यासारख्या क्लिपने आवळत. ती क्लिप गेली म्हणून ‘क्लिपलेस’. १९८४ मध्ये ‘लुक’ कंपनीने स्कीच्या बांधणीवरून हे पेडल काढलं आणि १९८५ मध्ये सायकलपटू बर्नार इनो त्यावरच टूर द फ्रान्स जिंकला.

बुटाच्या तळव्याला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा म्हणजे क्लीट. शर्यतीचा तीन स्क्रूंचा मोठा क्लीट मात्र आपल्या कामाचा नाही. तळव्याबाहेर येतो, चालताना घसरतो. मांडवी किनाऱ्याच्या जेटीवर उतरून सूर्यास्त बघायचा, बाजारात मासळी घ्यायची, तर दोन स्क्रूंचा एसपीडी क्लीट घ्यावा. तो रबरी तळव्याच्या खाचेत बसतो. शिमानो कंपनीने तो १९९० मध्ये आणला.

नवशिक्याने एसपीडीमधला एसएच-५६ क्लीट लावावा, असं माझं ठाम मत आहे. एसएच-५१ टाच बाहेर वळवल्यावरच सुटतो. ५६ इतर दिशांनाही सुटतो, घाबरून पाय वर ओढला तरी. राजिवड्याच्या अरुंद गल्लीत अचानक थांबावं लागतं, तेव्हा हा फरक कळतो. पेडलच्या स्प्रिंगचा ताण सुरुवातीला सर्वांत कमी ठेवा आणि भिंतीला धरून पाय सोडवण्याचा सराव करा.

रोज कामावर चपलेने आणि रविवारी भाट्ये पुलावरून पावसकडे जाणाऱ्यांनी एका बाजूला सपाट, दुसरीकडे एसपीडी असलेलं पेडल घ्यावं.

मांडवीची काळी वाळू क्लीटमध्ये अडकते, खारा वारा स्क्रू गंजवतो. गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा थेंब सोडा. स्क्रूंना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बदलताना विसरू नका.