पिल्लू बेचैन झाले म्हणजे पिसाळलेच का?

या सदरात एरवी माणसांच्या दुखण्यांविषयी वाचायला मिळते. मी पशुवैद्यक असल्याने आज विषय कुत्र्याच्या पिल्लाचा आहे. पण तोही माणसांच्या आरोग्याचाच आहे, हे पुढे लक्षात येईल.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ पाच महिन्यांचे पिल्लू पोत्यात घालून माझ्याकडे घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, हे पिसाळलंय. दोन रात्री झोपलेलं नाही, दिसेल ते चावतं, लाळेत रक्त येतं. आळीतले लोक म्हणतात, मारून टाका." मी आधी चौकशी केली. पिल्लू भाकरी-दूध नीट खात होते, घरच्यांना पाहून शेपूट हलवत होते, हाक मारली की येत होते. सावधपणे तपासले तेव्हा उलगडा झाला. दुधाचे सुळे अजून पडलेले नव्हते आणि शेजारून नवे येत होते. शिवाय दोन्ही कानांत काळा मळ साचला होता, त्यात बारीक किडे झाले होते. दात काढले, कानात औषध घातले. आठवड्याभरात पिल्लू शांत झाले.

बेचैनीची नेहमीची कारणे

साधारण चौथ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू चपला, खाटेचे पाय, जे मिळेल ते चावते. कधी थेंबभर रक्तही दिसते. यात आजार काही नाही. चावायला कडक रबरी खेळणे द्यावे.

दुसरे कारण जंत. पिल्लांना ते आईच्या पोटातूनच मिळतात. पोट फुगते, अंगावर मांस धरत नाही, उलटी किंवा जुलाब होतात, पिल्लू रात्री कण्हते. जंताचे औषध पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून वजन पाहून, ठरावीक अंतराने द्यावे लागते.

तिसरे कारण पिसवा, गोचीड, खरूज आणि कानातले किडे. पिल्लू सारखे खाजवते, डोके झटकते, एका जागी ठरत नाही. गोचिडांमुळे तापही येतो.

चौथे कारण आपणच असतो. दिवसभर दोन हात साखळीला बांधलेले तरुण कुत्रे सोडताच उधळणारच. त्याला रोज दोन वेळा फिरवून आणले, की निम्मी तक्रार मिटते.

एवढ्यावर थांबू नये अशी दोन कारणे आहेत. एक डिस्टेंपर. यात ताप, डोळ्यानाकातून चिकट स्राव, खोकला, जुलाब होतात. पुढे जबडा चघळल्यासारखा हलतो, पाय उडतात, झटके येतात. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून वेळेवर दिली तर हा आजार टळतो. दुसरे विषबाधा. उंदराचे औषध किंवा कीटकनाशक पोटात गेले, की लाळ, थरथर आणि धावपळ एकाएकी सुरू होते. अशा वेळी घरगुती उपाय न करता पिल्लाला लगेच दवाखान्यात न्यावे, औषधाचे पाकीट सापडले तर तेही बरोबर आणावे.

हाड अडकले असे वाटते तेव्हा

आता दुसरा प्रसंग. आठ महिन्यांच्या एका कुत्र्याचे तोंड उघडेच राहिले होते, लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता. घरातल्या आजोबांना वाटले, घशात हाड अडकले. त्यांनी दोन बोटे आत घालून चाचपडले. हाड सापडले नाही. कुत्रे माझ्याकडे आले तेव्हा खालचा जबडा लोंबत होता. कुत्रे चावले नव्हते, भुंकत नव्हते, कोपऱ्यात पडून होते. मी आजोबांना आणि लाळेशी संबंध आलेल्या घरातल्या सर्वांना तिथूनच सरकारी रुग्णालयात पाठवले. तिसऱ्या दिवशी कुत्रे मेले. प्रयोगशाळेचा अहवाल आला, रेबीज. लस वेळेवर मिळाल्याने घरातली सर्व माणसे सुखरूप राहिली.

रेबीज म्हणजे धावत सुटून चावणारा कुत्रा, असे आपल्या मनात बसले आहे. पण रेबीजचे दुसरे रूप मुके असते. त्यात जबडा आणि घसा लुळा पडतो, कुत्रे अंधारात जाऊन बसते. आणखी एक गैरसमज आहे. "पाणी प्यायलं, म्हणजे रेबीज नाही," असे लोक सांगतात. पाण्याची भीती हे माणसातले लक्षण आहे. रेबीज झालेले कुत्रे पाण्याजवळ जाते, कधी पितेही. म्हणून पाण्याच्या भांड्यावरून निदान करू नये. पिल्लू लहान आहे म्हणूनही निश्चिंत राहू नये. दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो.

मग ओळखायचे कसे? दात, जंत किंवा खाज यांनी बेचैन झालेले पिल्लू खाते-पिते आणि माणसे ओळखते. स्वभाव एकाएकी पालटला, मालकावरच गुरगुरू लागले, माती-लाकूड गिळू लागले, आवाज बदलला, चाल अडखळली किंवा जबडा लोंबला, तर त्याला हात लावू नये. खोलीत कोंडावे, मुलांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे.

हे लक्षात ठेवा

१) चावा, ओरखडा किंवा जखमेवर, तोंडात वा डोळ्यात लाळ गेली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. डोळे आणि तोंड नुसत्या पाण्याने धुवावे. मिरची, चुना, हळद लावू नये.

२) त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता नको. ती जुनी लस २००५ सालापासून आपल्या देशात वापरात नाही. आताची लस दंडावर, चार किंवा पाच वेळा घ्यावी लागते. जखम खोल असेल तर जखमेतही एक वेगळे औषध टोचतात. सांगितलेली एकही तारीख चुकवू नये.

३) चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. पण ते दिवस संपण्याची वाट पाहत आपली लस थांबवू नये.

४) पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी, आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तशी दरवर्षी.

बेचैन पिल्लाला घाबरून मारणे जितके चूक, तितकेच त्याच्या तोंडात बेधडक बोटे घालणेही चूक. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर खात्रीचा इलाज नाही. त्याआधी घेतलेली लस मात्र जीव वाचवते.